शिडीवर तीनदा

होकिटिका
३ ऑगस्ट १९८३

लाडक्या शोनास,

आज सकाळी आमच्याकडे पाऊस थांबला. हो, थांबला! तुम्ही क्राइस्टचर्चची कोरडी माणसं विश्वास ठेवणार नाही, पण परसातून थेट डोंगर दिसतायत. दोन दिवस दक्षिणेचा वारा नुसता पिसाळला होता. तो पडला, आणि मॅकफी खिंडीपासून खाली झाडीपर्यंत सगळं पांढरं लख्ख झालं. ते बघत खिडकीत उभी राहिले आणि इकडे ओटची लापशी उतू गेली. बासष्टाव्या वर्षी बाईनं असं खुळ्यासारखं करू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

आता मुद्द्याचं. काल तुझ्या बापाचा फोन आला होता. मर्डो माझा सख्खा भाऊ, पण गुपित पोटात ठेवणं त्याला जन्मात जमलं नाही. त्यात आमची फोनची लाइन सामाईक, म्हणजे त्यानं जे मला सांगितलं ते पलीकडच्या मिसेस ओ'डाउडलाही सांगितलं. मधे एकदा ती "अगं बाई!" म्हणाली, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. तर एव्हाना सगळ्या होकिटिकाला ठाऊक झालंय की शोना टुलॉकला अंटार्क्टिकातल्या तळावर उन्हाळाभर स्वयंपाकाला बोलावलंय, आणि शोना टुलॉक नाही म्हणणार आहे.

नाही? अगं, लहानपणी माझ्या फ्रीझरमध्ये डोकं खुपसून "मी ध्रुवावर पोचले!" म्हणून कोण ओरडायचं? मटार वितळले म्हणून मी तुला चोपलंही होतं. आता लोक बोलावतायत तर तू मागे सरतेस?

कारण मला माहीत आहे. गेल्या सप्टेंबरात तू शिडीवरून, खिंडीखालच्या त्या उभ्या बर्फाळ उतारावरून, घसरलीस. तेव्हापासून बर्फाचं नाव काढलं की तुझी पत्रं आखूड होतात.

म्हणून मी असं ठरवलंय. (विचारत नाहीये, कळवतेय.) ऑगस्टच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आपण खिंड ओलांडायची, किल्ल्या बदलून. तू आणि तुझ्या खोलीतली हुइया पूर्वेकडून, मी आणि माझा जुना सोबती आल्बी पश्चिमेकडून. रविवारी सकाळी तुझ्या बाजूला शिडीच्या पायथ्याच्या केआ हटमध्ये, त्या डोंगरी निवाऱ्यात, भेट, चहा, माझा फ्रूटकेक आणि किल्ल्यांची अदलाबदल. मग तू शिडी चढून माझ्या बाजूला उतरायचंस आणि माझी मॉरिस घेऊन होकिटिकाला जायचंस. मी तुझ्या बाजूला उतरून तुझी मिनी घेऊन क्राइस्टचर्च गाठीन. तू रांधतेस ते वसतिगृह सुट्टीत बंदच असतं, तेव्हा आठवडाभर माझ्या घरी राहा, कोंबड्यांना दाणे टाक. मला दात दाखवायचेत, मी तुझ्या खोलीवर राहीन. मर्डोकडे नाही, त्याच्याकडचा पलंग म्हणजे नदीतले गोटे.

किल्ल्या बदलण्यातली गंमत तुला सांगायला नकोच. एकदा बदलल्या की मागे फिरता येत नाही, कारण मागे जी गाडी उभी असते तिची किल्ली आपल्याकडे नसते. पुढे जाण्याखेरीज गत्यंतर नाही. फार सोयीचं असतं ते.

पत्रानंच उत्तर दे. फोन केलास तर ओ'डाउडबाईही मत देईल.

तुझी,
एफी आत्या


क्राइस्टचर्च
८ ऑगस्ट

प्रिय एफी आत्या,

तुझं पत्र हुइयानं माझ्या आधी वाचलं आणि क्रॅम्पॉन, ते बुटांखाली बांधायचे लोखंडी दाते, कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलेसुद्धा. तिला समजावता समजावता माझा घसा बसलाय, तेव्हा तुला तरी शहाणपणानं लिहिते. मी येणार नाही.

रागावू नकोस. आधी ऐक. त्या दिवशी काय झालं ते मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही. बाबांना 'जरा घसरले' एवढंच सांगितलं. आम्ही क्लबची माणसं शिडी उतरत होतो. तुला माहीत आहे, तिचं तोंड दक्षिणेला, आपल्याकडचं उत्तरेचं ऊन तिला कधी शिवत नाही, आणि हिवाळा सरत आला की तिथला बर्फ तुडवून तुडवून काचेसारखा झालेला असतो. माझा एक पाय सुटला. मी आइस-ॲक्स रोवली, पण ती रुतलीच नाही, खणकन उडून हातातून गेली. मग फक्त आवाज. माझ्याच कोटाचा, बर्फावर घासत जाणारा, सर्रर्र. काहीही धरायला नाही, आणि खाली ते काळे खडक माझ्याकडे येतायत. खडकांच्या अलीकडे भुसभुशीत बर्फाचा ढीग होता म्हणून थांबले. मी थांबले नाही, आत्या, त्या ढिगानं मला थांबवलं. नुसता खांदा सुजला. सगळे म्हणाले, नशीबवान आहेस.

पण तो आवाज गेला नाही. आता वसतिगृहाच्या मागच्या पायऱ्यांवर पहाटेचं दव गोठलेलं असलं तरी मी कठडा धरून उतरते. पोरं हसतात. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं म्हणतात. मी तर पाणीसुद्धा फुंकून पितेय. अशा बाईला अंटार्क्टिकात नेऊन ते करतील काय? तिकडे नुसत्या तळावर रांधायचं नसतं, बर्फावरच्या छावण्यांत जायचं असतं, दोराला बांधून. मी अर्ज केला होता तो पडण्याच्या आधी. तेव्हाची शोना वेगळी होती.

नकाराचं पत्र लिहून झालंय. पाकीट बंद केलंय, तिकीटही चिकटवलंय. फ्रीजवर पडून आहे. पाच सप्टेंबरपर्यंत त्यांना उत्तर हवंय.

फार तर एक करते. हटपर्यंत येते. खोऱ्यातली वाट सपाट आहे, तेवढं जमेल. तुझ्या हातचा केक खाते आणि परत फिरते. शिडी नाही.

तुझी,
शोना


होकिटिका
१२ ऑगस्ट

शोना,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा पुसावा लागला. ते वाफेमुळे, कारण किटली शेजारीच होती.

घसरल्याचं मला आधी का नाही सांगितलंस, ते जाऊ दे. तू टुलॉक. आपल्यात बोलायचं असतं ते सगळं सोडून हवामानावर बोलतात.

बरं, हटपर्यंत तर हटपर्यंत. कबूल. पण तू हटवरून फिरलीस तर पुढे काय होईल तेही ऐकून ठेव. मी आणि आल्बी शिडी उतरून आलेले असू, पुन्हा चढून जायला माझे गुडघे तयार होणार नाहीत. म्हणजे चार माणसं आणि चार पाठपिशव्या तुझ्या त्या डबीएवढ्या मिनीत. आल्बीच्या बुटांचा वास तुला ठाऊक नाही. हरणांच्या मागे चाळीस वर्षं हिंडलेले बूट आहेत ते. खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतील. माझी मॉरिस पलीकडे बेवारशी उभी राहील आणि केआ पक्षी तिचं रबर कुरतडून खातील. कोंबड्या ओ'डाउडबाईच्या हाती जातील, म्हणजे अंडीही. आणि सप्टेंबरच्या एक तारखेला व्हाइटबेटची मासेमारी सुरू होते तेव्हा नदीवर माझ्या जागेवर जाळं घेऊन कोण बसणार? मी तुला बसवणार होते. ती जागा एकदा मोकळी दिसली की लोक गिधाडांसारखे टपलेले असतात.

मी दबाव आणत नाहीये. फक्त हवामान सांगतेय.

पाकिटाला तिकीट मात्र उगाच लावलंस. अजून टाकायचं नसलेल्या पत्राला तिकीट लावायची ही उधळपट्टी कुठून शिकलीस? तुझ्या आजोबांनी पाहिलं असतं तर थडग्यातून उठले असते.

एक काम कर. त्या मागच्या पायऱ्या. रोज पहाटे उतर, कठडा न धरता. पोरं हसली तर हसू दे. दात दाखवायला त्यांना पैसे पडत नाहीत. मला मात्र डॉक्टरकडे जावं लागतंय.

आल्बीनं क्रॅम्पॉनच्या दात्यांना धार लावायला घेतलीय. मी विचारलं, "पोरगी शिडी चढेल का रे?" एका कानानं तो बहिरा, म्हणाला, "हो, केक पुष्कळ घे."

एफी आत्या


क्राइस्टचर्च
१९ ऑगस्ट

आत्या,

पायऱ्या उतरले! कठडा न धरता! पहिल्या दिवशी मांजरीसारखी चार पायांवर, तिसऱ्या दिवशी दोन पायांवर, आणि चौथ्या दिवशी हातात दुधाच्या बाटल्यांची परडी घेऊन. वरच्या मजल्यावरची पोरं खिडकीतून टाळ्या वाजवत होती. मी खाली पोचून मुजरा केला आणि तेव्हाच घसरून बुडावर आपटले. एकही बाटली फुटली नाही. आणि हसू आलं, आत्या. भीतीच्या आधी हसू आलं.

हुइयाला तेवढं पुरे होतं. तिनं काल पहाटे मला रग्बीच्या मैदानावर नेलं. गवत गोठून कडकडीत झालं होतं. क्रॅम्पॉन घालून आम्ही वर-खाली, वर-खाली. पाय फाकवून, प्रत्येक पाऊल आपटून टाकायचं. हुइया मागून ओरडतेय, "पाय आपट! लाजतेस काय, सासरी आलीयेस का?" इतक्यात मैदानाचा माळी धावत आला. "बाई, ती कुदळ पायातून काढा! शनिवारी सामना आहे!" आम्ही पळालो. क्रॅम्पॉन घालून पळताना मला पहिल्यांदा कळलं की त्यांचे दाते किती घट्ट धरतात.

आता आमच्या छपराच्या उतरणीवर आइस-ॲक्स रोवून थांबायचा सराव चाललाय, गादी टाकून. घरमालक विचारत होता, छतावर काय मारताय. उंदीर, म्हणून सांगितलं.

मी हटपर्यंतच येणार आहे हं. क्रॅम्पॉन पिशवीतच राहतील. पण खरं सांगू? काल दुपारी बाजारात होते आणि दूरवर डोंगर दिसले, पांढरे, कडेनं जरा गुलाबी. मी मटणवाल्याच्या दुकानासमोर उभी राहून बघतच बसले. तो म्हणाला, "ताई, चॉप्स हव्यात की डोंगर?"

हवामान कसं आहे? वाट पाहतेय. केक आल्याचा कर, मनुकांचा नको.

शोना


होकिटिका
२३ ऑगस्ट

शोना,

घाईत लिहितेय, टपालाची गाडी दारात आहे.

रेडिओ म्हणतो गुरुवारी पुन्हा दक्षिणेचा वारा, शुक्रवारपासून स्वच्छ, रात्री कडाक्याचा गारठा. म्हणजे वाट दगडासारखी टणक. अगदी हवी तशी! रविवारी दुपारनंतर वायव्येचं वारं सुटेल म्हणतात, तेव्हा वेळ दवडायचा नाही. आमच्या बाजूच्या उत्तरेकडच्या उतारावर सकाळपासून ऊन येतं आणि बर्फ मऊ झाला की तिथे थांबण्यात शहाणपण नाही. मी आणि आल्बी शनिवारी पलीकडच्या झोपडीत राहू आणि रविवारी उजाडता उजाडता खिंडीत येऊ. तुम्ही शनिवारी हटमध्येच राहा.

मॉरिसची एकच किल्ली आहे. दुसरी गेल्या मोसमात व्हाइटबेटच्या जाळ्यासकट नदीत गेली. तेव्हा ही जपून.

केक आल्याचाही केलाय, मनुकांचाही. मी कुणाचं ऐकत नाही.

हटपर्यंतच ये. पण ये.

एफी


होकिटिका, तुझ्या स्वयंपाकघरातून
३० ऑगस्ट

लबाड, कपटी, बेरकी आत्या,

तुझ्या टेबलावर बसून, तुझ्या कपातून चहा पीत हे लिहितेय. कोंबड्या ठीक आहेत. मॉरिसही ठीक आहे, फक्त काच पुसायच्या पट्टीचं रबर केआंनी खाल्लंय. आता माझं ऐकून घे. रविवारी नदीच्या पात्रात आपल्याला बोलायला श्वासभरही वेळ मिळाला नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

शनिवारी खोऱ्यातून येताना मी हुइयाचा हात एकदाही धरला नाही. वाट म्हणजे गोठलेल्या पावलांचा रस्ता होता, आधीच्या माणसांचे बूट जसेच्या तसे ठसून दगड झालेले. रविवारी सकाळी हटच्या दाराशी बसले आणि क्रॅम्पॉन काढले. नुसतं बघू, पट्टे नीट बसतात का, एवढंच मनात होतं. एक बांधला. मग दुसरा बांधला. मग वर पाहिलं तर खिंडीत दोन ठिपके, एक जाडा, एक लांब. जाडा ठिपका (माफ कर) शिडीवरून असा खाली येत होता, जणू बाजाराला निघालाय. तेव्हाच माझं ठरलं. कसं ठरलं ते विचारू नकोस, मलाच ठाऊक नाही.

पुढचं तुला माहीत आहे. चहा, केक, आणि मग ती केआंची टोळी. एकानं आल्बीची टोपी पळवली, तो छपराभोवती धावतोय, "माझ्या आईनं विणलेली आहे रे, हरामखोरा!", हुइया झाडू घेऊन त्याच्या मागे, आणि तू टाळ्या पिटत, "निघा, निघा! ऊन चढतंय, पलीकडचा बर्फ मऊ होईल!" आम्ही पिशव्या उचलल्या आणि निघालोच.

शिडी. पहिल्यांदा. हुइया पुढे होती. म्हणाली, "शोना, खाली बघू नकोस, वर बघू नकोस, माझ्या बुडाकडे बघ. ते काही कुठे पळून जात नाही." मी तेच केलं. पाऊल आपट, ॲक्स रोव, पाऊल आपट. जिथे मी घसरले होते तिथे डोळे मिटावेसे वाटले. मिटले नाहीत. आणि एकदम पुढे चढच नाही! खिंड! दोन्हीकडचे डोंगर, पश्चिमेला पार समुद्र, सगळं चकाकतंय. मी रडले, ओरडले, हुइयाला मिठी मारली. मग भूक लागली. कोटाच्या खिशात स्क्रॉगिनची, सुक्या मेव्याची पुडी होती, ती काढायला हात घातला.

हातात आली मिनीची किल्ली.

माझी. माझ्या मिनीची. जी तुझ्याकडे असायला हवी होती. आणि तुझ्या मॉरिसची एकुलती एक किल्ली खाली खोऱ्यात तुझ्या खिशात बसून पूर्वेकडे चालली होती.

आम्ही शिट्ट्या मारल्या, हाका मारल्या. आल्बी बहिरा आणि तू कानटोपीत. हुइया म्हणाली, "मी जाते." पण तिनं पाय पुढे केला तर क्रॅम्पॉनचा पट्टा केआनं कुरतडून दोऱ्यावर आणलेला. चढताना टिकला हे नशीब, उतरताना त्याचा भरवसा नव्हता. आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "मी पट्टा शिवते, तासाभरात—"

"तासभर थांबलो तर पलीकडचा बर्फ आणखीच मऊ होईल," मी म्हणाले. "आणि ती म्हातारी तोवर गाडीपाशी पोचेल." पिशवी टाकली आणि निघाले. एकटी. खाली.

आत्या, उतरणं चढण्याहून वाईट. सगळं खोरं पायांच्या मध्ये दिसतं. पण मला घाबरायला वेळच नव्हता, मी तुला शिव्या घालत होते. मोठ्यानं. एक पाऊल, एक शिवी. शिव्या संपल्या तेव्हा मी बरोब्बर त्या जागी होते. आणि तिथेच माझा डावा पाय सुटला.

तोच आवाज. सर्रर्र. मी पालथी झाले, ॲक्सवर अंगाचा सगळा भार टाकला, अगदी छपरावर गादीवर टाकायचे तसा. ती रुतली. हात खांद्यातून निखळतो की काय असं वाटलं, आणि आवाज थांबला. मी थांबले. आत्या, मी थांबले! या वेळी बर्फाच्या ढिगानं नाही, मी मला थांबवलं. तिथेच गाल बर्फाला टेकवून पडून राहिले आणि हसत सुटले. वरून हुइया किंचाळतेय, "मेलीस का?" मी म्हटलं, "नाही गं, आराम करतेय!"

मग उठले आणि जवळजवळ धावतच उतरले. नदीच्या पात्रात तुम्हांला गाठलं तेव्हा आल्बी म्हणाला, "एफी, ती पोरगी पळत येतेय, की मला चष्मा लागलाय?" आणि तू वळलीस, माझ्या हातातली किल्ली पाहिलीस, "अगं बाई!" म्हणालीस आणि कपाळाला हात लावून हसत मटकन दगडावर बसलीस.

ते हसणंच सगळं सांगून गेलं. माझ्या जन्माच्या आधीपासून किल्ल्या बदलत आलेली बाई किल्ली विसरते? मला काय खुळी समजतेस? तू मुद्दाम केलंस. एकदा चढले असते तर म्हणाले असते, हुइया पुढे होती म्हणून. मी एकटीनं उतरावं, हे तुला हवं होतं. मानलं तुला. असली गुरू सात जन्म शोधून मिळायची नाही.

तिसऱ्यांदा शिडी चढताना मी गात होते. बेसूर. केआ उडून गेले. वर पोचले तोवर हुइयानं पट्टा शिवून ठेवला होता.

आता कामाचं. फ्रीजवरचं पाकीट फाडून टाक. शनिवारी गाड्या बदलायला तिकडे येते आणि सोमवारी सकाळी स्वतः त्यांच्या कचेरीत जाऊन हो म्हणते, त्यांच्या तोंडावर, मोठ्यानं. परवा पहाटे तुझ्या जागेवर जाळं घेऊन बसेन, कुणाला फिरकू देणार नाही. ओ'डाउडबाईला सगळं माहीत आहे. मी बाबांना फोनवर सांगत होते, आणि शेवटी ती "शाब्बास!" म्हणाली.

तुझी शिष्या,
शोना


क्राइस्टचर्च, तुझ्या खोलीवरून
१ सप्टेंबर

माझ्या शोना,

परवा समोरासमोर भेटणारच आहोत. पण मला जे सांगायचंय ते समोर उभं राहून माझ्याच्यानं बोलवायचं नाही, मी पुन्हा हवामानावर घसरेन. म्हणून लिहिते.

तुझं पत्र वाचून छाती फुगली होती. गुरू, शिष्या, सात जन्म. दिवसभर तशीच फुगू दिली. दातांच्या डॉक्टरलाही वाचून दाखवलं, तोंडात त्याची हत्यारं असताना. आल्बीनंही ऐकलं आणि म्हणाला, "एफी, गप्प बसलीस तर जन्मभर पुरेल हे." खरंय. पण खोटा मान मला पचत नाही.

मी विसरले, पोरी. सपशेल विसरले. मुद्दाम करायला मी काय वेडी आहे? तुला त्या काचेवरून एकटीला खाली बोलावेन? तू हातात किल्ली घेऊन धावत येताना दिसलीस तेव्हा तू कुठून उतरून आलीस हे लक्षात आलं, म्हणून मटकन बसले. आणि तू धड आहेस हे पाहून हसले. ते हसणं हुशारीचं नव्हतं.

एवढ्या वर्षांत एकदाही न विसरलेली बाई त्याच दिवशी का विसरली, तेही सांगते. केआंना दोष देऊ नकोस. तू लिहिलं होतंस, क्रॅम्पॉन पिशवीतच राहतील. मी शिडी उतरले आणि समोर पाहिलं. हटच्या दारात तू उभी होतीस, आणि तुझ्या पायांत क्रॅम्पॉन बांधलेले होते. त्यानंतरचं मला काही आठवत नाही. चहा प्याले म्हणतात, केक कापला म्हणतात. त्या वेळी किल्लीच काय, कुणी माझं नाव विचारलं असतं तरी मी सांगू शकले नसते. इतका आनंद झाला होता मला.

तर तू जे केलंस ते सगळं तुझं तू केलंस. माझा त्यात हात नाही, फक्त विसरभोळेपणा आहे.

आज एक तारीख. तू नदीवर बसली असशील. थंडी असेल, लोकरीचे दोन मोजे घातलेस ना? पहिल्या जाळ्यातले मासे अंड्यात घालून तू खा, माझ्यासाठी ठेवू नकोस. ओ'डाउडबाईला थोडे दे, तिनं "शाब्बास" म्हटलंय.

फ्रीजवरचं पाकीट तुझ्या सांगण्याप्रमाणे फाडलं. पण त्यावरचं तिकीट मी रविवारी संध्याकाळी तुझ्या खोलीत शिरल्या शिरल्याच किटलीच्या वाफेवर धरून अलगद सोडवून घेतलं होतं. तुझं पत्र यायच्या कितीतरी आधी. चांगलं तिकीट वाया जाऊ देणं आपल्या घराण्यात बसत नाही.

तेच या पत्राला लावलंय.

तुझी,
एफी आत्या